चंदेरी पानांचे रोप, ज्येष्ठांच्या हाती



एप्रिल उजाडला की सोलापुरात सकाळी दहाच्या सुमारासच खिडक्यांचे पडदे ओढले जातात. पारा चाळिशी ओलांडतो आणि घरातील ज्येष्ठांची सकाळची फेरी, सिद्धेश्वर तलावाकाठचे बसणे, शेजारच्या ओट्यावरील गप्पा हे सारे थांबते. दिवस एकाच खोलीत जातो. औषधे वेळेवर मिळतात, जेवणाचे ताट समोर येते, पाण्याचा तांब्या उशाशी असतो; परंतु स्वतः करण्याजोगे काही उरत नाही. अशा खोलीत नांदणाऱ्या एका रोपाविषयी या वेळी लिहीत आहे.

त्याचे शास्त्रीय नाव सिंडॅप्सस पिक्टस. रोपवाटिकेत ते साटिन पोथॉस किंवा सिल्व्हर पोथॉस या नावाने मिळते. आपल्या परिचित मनी प्लांटचा हा जवळचा नातलग. मूळचा मलाया, सुमात्रा, बोर्निओ या भागांतील दमट वनांचा. मखमली हिरव्या, बदामाच्या आकाराच्या पानांवर चांदीचे शिंतोडे उडावेत तसे ठिपके असतात. ही चांदी म्हणजे रंग नव्हे. पानाच्या वरच्या पापुद्र्याखाली हवेची बारीक पोकळी असते आणि तिच्यावरून प्रकाश परावर्तित होतो, म्हणून ते ठिपके चकाकतात.

अशी रोपे हवा शुद्ध करतात, असे विक्रेते आवर्जून सांगतात. अमेरिकेच्या नासा संस्थेचा 1989 मधील अभ्यास त्यासाठी पुढे केला जातो. तो मात्र बंदिस्त पेट्यांमध्ये झाला होता. 2019 मध्ये अशा प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला. खोलीत सहज खेळणाऱ्या हवेइतके काम रोपांकडून व्हायचे, तर दर चौरस मीटरला 10 ते 1000 रोपे लागतील, असे त्यात दिसले. तेव्हा त्या आशेने रोप आणू नये. त्याचा उपयोग निराळा आहे.

एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील कनेटिकट राज्यातील एका वृद्ध-शुश्रूषागृहात केलेला प्रयोग 1976 मध्ये प्रसिद्ध झाला. एका मजल्यावरील रहिवाशांना, आपले निर्णय आपण घ्या, असे सांगून एकेक रोप निवडू दिले आणि त्याची देखभाल त्यांच्यावरच सोपवली. दुसऱ्या मजल्यावरील रहिवाशांनाही रोप मिळाले, पण पाणी घालण्याचे काम परिचारिकांकडे राहिले. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरील मंडळी अधिक तरतरीत, अधिक आनंदी आढळली. प्रयोग लहान होता आणि त्यात रोपाखेरीज इतर निवडीही होत्या; तरीही शुश्रूषा करणाऱ्यांनी त्यातून एक गोष्ट घ्यावी. रोप आणून द्या, पण त्याची काळजी तुम्ही घेऊ नका. आईंनी एखादा दिवस पाणी घालायचे विसरले, तर लगेच पुढे होऊ नका. हे रोप चार दिवसांची तहान सहज सोसते.

जागा आणि प्रकाश

पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या खिडकीपासून दोन-तीन हातांवर कुंडी ठेवावी. पश्चिमेच्या उन्हाच्या झळा आणि कूलरचा थेट झोत, दोन्ही टाळावेत. फार अंधार असेल तर नवी पाने लहान येतात आणि चांदी फिकी पडते. कुंडी टेबलावर, बसल्या जागेवरून हात पोहोचेल अशी असावी. छताला टांगलेल्या कुंडीसाठी स्टुलावर चढण्याची वेळ ज्येष्ठांवर येऊ देऊ नये. पडण्याने होणारे नुकसान कोणत्याही रोपाहून मोठे आहे.

पाणी

पाण्याचा वार ठरवू नये. बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे. कोरडे लागले तरच पाणी द्यावे. तहान लागली की पाने आतल्या बाजूला वळतात आणि पाणी मिळताच पुन्हा उलगडतात. खालची पाने पिवळी पडून माती ओलीच राहत असेल, तर पाणी जास्त होत आहे. साध्या मातीत कोकोपीट आणि थोडी जाड वाळू मिसळली की निचरा चांगला होतो. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर पडणारे पाणी अनेक घरांत झाडांना घालतात. त्यात क्षार एकवटलेले असतात आणि पानांची टोके करपतात. तांब्याऐवजी अर्धा लिटरची हलकी झारी द्यावी, म्हणजे थरथरत्या हातालाही ती पेलते.

आठवड्यातून एकदा ओल्या मऊ फडक्याने पानांवरची धूळ पुसावी. आखडलेल्या बोटांना त्यात हलका व्यायाम मिळतो. पानामागे पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला, तर तोही त्याच फडक्याने निघतो.

सावधगिरी

अळू आणि सुरण नीट शिजले नाहीत तर घसा खाजतो, हे आपल्या स्वयंपाकघराला ठाऊक आहे. हे रोप त्याच कुळातले. त्याच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावल्यास तोंडाची आग होते आणि सूज येते. घरात रांगते मूल असेल, किंवा स्मृतिभ्रंशामुळे हाती येईल ते तोंडात घालणारी व्यक्ती असेल, तर हे रोप त्या खोलीत नकोच. त्याऐवजी तशीच चंदेरी पट्ट्यांची पाने असलेले ॲल्युमिनियम प्लांट, म्हणजे पिलिया, आणावे. ते विषारी नाही. चुकून पान चावले गेल्यास तोंड पुसून थंड पाण्याने चूळ भरावी, उलटी करवू नये. गिळताना किंवा श्वास घेताना त्रास वाटला तर तत्काळ रुग्णालय गाठावे. छाटणीनंतर हात धुवावेत. मधुमेह असलेल्यांनी आणि कर्करोगाचे उपचार सुरू असलेल्यांनी मातीत हात घालताना हातमोजे वापरावेत.

दुसरा धोका डासांचा. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे पिंपे भरलेली असतात; त्यात कुंडीखालच्या बशीची भर नको. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची अंड्यापासून वाढ साधारण आठवडा-दहा दिवसांत पूर्ण होते. घरातील कोरड्या दिवशी पिंपाबरोबर बशीही रिकामी करून घासावी.

पावसाळ्यात वेल वाढली की पेराच्या खाली एक छाट घ्यावी आणि बाटलीतल्या पाण्यात ठेवावी; पाणी दर दोन दिवसांनी बदलावे. काही आठवड्यांत पांढरी मुळे फुटतात. ते रोप कोणाला द्यायचे, हे मात्र आजींना किंवा आजोबांनाच ठरवू द्या. दिवसभर इतरांकडून घेणाऱ्या हातांना काही देण्याची संधी फार क्वचित मिळते.