म्हातारा लॅपटॉप आणि धिरधिर

परवा जुना लॅपटॉप (ड्युअल कोर, २ जीबी रॅम, हसू नका!) काढला आणि तबल्याच्या गुरुजींचं रेकॉर्डिंग प्लेअरमध्ये निम्म्या वेगाने लावलं. सूर तोच ठेवून हं. गुरुजी आता नाहीत, उरलंय ते एवढंच. ऐकायचं होतं 'धिरधिर', ऐकू आला चिखल! मित्र म्हणाला, "मशीन बदल."

मला नाही पटत. वाजवता वाजवता ताणायचं म्हटलं की प्लेअर सोपा मार्ग धरतो, लहरीचे तुकडे पुन्हा पुन्हा जोडतो. बोलण्याला चालतं, पण तबल्यात एकच थाप दोनदा वाजते. रबर बँडचं २०२२ चं आर३ इंजिन थाप बरीच सांभाळतं, पण जड आहे. मग असू दे की! आधी फाइल रेंडर करा, मग ऐका. प्रोसेसर मंद असला तरी उत्तर तेच येतं, उशिरा येतं एवढंच. १९६६ साली बेल लॅब्जमध्ये फ्लॅनगन आणि गोल्डन यांनी फेज व्होकोडर मांडला तो त्या काळच्या संगणकावर. त्यापुढे माझा ड्युअल कोर म्हणजे राजाच.

एका कायद्याला दोन चहा लागले. असो. धिरधिरला तळहात कुठे फिरतो ते आता ऐकू येतंय. माझा मात्र अजून फिरत नाही.