जुना मोबाईल द्यावा, पण कोरा करून



उसाचे बिल खात्यावर जमा झाले की घरात नवा मोबाईल येतो आणि जुना कुणाला तरी दिला जातो. भाच्याला, शालगड्याला, ऊसतोड टोळीतल्या पोराला; नाहीतर दारावरच्या भांडीवाल्याला एका टोपल्यावर. देण्याला आमची हरकत नाही. पण भरलेला मोबाईल देणे म्हणजे किल्ली कुलपातच ठेवून कपाट देणे होय, असे आमचे स्पष्ट मत आहे.

त्यात काय नसते? आधार कार्ड, पासबुक, सातबारा, लेकीबाळींचे फोटो. कित्येकांनी तर एटीएमचा पिनसुद्धा कुणाच्या तरी नावाने सेव्ह केलेला असतो.

"आम्ही सगळे डिलीट केले की!" असे सभासद सांगतात. अहो, नुसते फोटो पुसणे म्हणजे ऊस वरून तोडणे. बुडखा राहिला की खोडवा फुटणारच. पुसलेले फोटो महिनाभर ट्रॅशमध्ये पडून असतात. खोडवा मोडून नांगरट करावी, तसे फॅक्टरी रीसेट करावे लागते. ही फॅक्टरी म्हणजे आपला साखर कारखाना नव्हे. फोन जिथे तयार झाला तिथून निघताना जसा कोरा होता, तसा तो करणे. अलीकडच्या फोनमधली माहिती सांकेतिक कुलपात असते आणि रीसेटने त्या कुलपाची किल्लीच नष्ट होते.

दुसरी चूक उलटी आहे. गेल्या हंगामात एका सभासदाने टोळीतल्या पोराला शाळेसाठी फोन दिला. पोराने गावी गेल्यावर बटणे दाबून रीसेट केला, तर फोन जुन्या मालकाचे गुगल खाते मागू लागला. इकडे मालकाला पासवर्ड आठवेना. चोराला फोन वापरता येऊ नये म्हणून अँड्रॉइडमध्ये २०१५ पासून ही सोय आहे. पण इथे शिक्षा झाली ती गरीब पोराला. दान दिले नि उपयोगाचे राहिले नाही.

म्हणून क्रम पाळावा. आधी फोटो, नंबर, व्हॉट्सॲपचा बॅकअप घ्यावा आणि नव्या फोनवर सगळे आले का ते पाहावे. पैशाच्या ॲपमधून बाहेर पडावे. मग सेटिंग्जमधून गुगल खाते काढावे. आयफोन असल्यास 'फाइंड माय' बंद करून ॲपल खात्यातून साइन आउट करावे. सिम व मेमरी कार्ड काढून घ्यावे. शेवटी चार्जिंग पुरेसे ठेवून सेटिंग्जमधूनच रीसेट करावे. फोन पुन्हा सुरू होऊन भाषा विचारू लागला आणि जुने खाते मागत नसला, की खुशाल द्यावा.

जमले नाही तर गट ऑफिसला या, आम्ही दाखवू. पासवर्ड मात्र कुणालाही, आमच्या चिटबॉयलासुद्धा, सांगू नये, ही नम्र विनंती.

— ऊस विकास अधिकारी