मंडळीची मदत म्हणजे आमिष नव्हे

मा. संपादक,

खानदेशातील ख्रिस्ती मंडळ्या संकटातील कुटुंबांना परकीय पैशातून, धर्मांतराच्या हेतूने मदत करतात, हे आपल्या अंकातील लेखाचे प्रतिपादन वस्तुस्थितीला सोडून आहे. १९०० च्या दुष्काळात ‘क्विटो’ जहाजाने अमेरिकेतील मका मुंबईस आणला, एवढे मान्य. परंतु त्यावरून आजची स्थिती ठरत नाही, कारण मिशनऱ्यांनी उभारलेले चिंचपाड्याचे रुग्णालयसुद्धा (नवापूर तालुका, १९९८ पूर्वी धुळे जिल्हा) आता एमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन या भारतीय संस्थेकडे आहे. मंडळी म्हणजे एका उपासनास्थळाशी जोडलेला सभासदवर्ग. त्यातील घरचा कर्ता आजारी पडला वा कापूस बुडाला, तर रविवारच्या दानातून त्या घराला हातभार लावणे हे तिचे कर्तव्यच ठरते, आणि विधवांना होणाऱ्या रोजच्या वाटपासाठी सात जण नेमल्याची नोंद ‘प्रेषितांची कृत्ये’ या बायबलमधील ग्रंथात असल्याने ही प्रथा मिशनांहून कितीतरी जुनी आहे. जे आधीच सभासद आहेत, त्यांचे धर्मांतर कसे होणार? परकीय निधीचा आरोप करायचाच असेल, तर तो परदेशी योगदान (नियमन) कायदा, २०१० खाली सादर होणाऱ्या हिशेबांच्या आधारे, संस्थेचे नाव घेऊन करावा.

आपला,
एक वाचक, धुळे