चेंबरचा अडलेला बोल्ट

सांगलीकडील एका भगिनींचे पत्र आले आहे. घरी सासऱ्यांच्या हातची १९९८ सालची मारुती ८०० आहे. सासऱ्यांच्या पश्चात ती विकावी असे घरात कोणालाच वाटत नाही. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकणारा त्यांचा मुलगा गाडीचे ऑइल स्वतः बदलू पाहतो. परंतु दोन रविवार गेले, तरी चेंबरचा बोल्ट हलत नाही. आता त्याने पान्याला लांब पाइप लावण्याचे योजिले आहे. त्याला करू द्यावे की गाडी गॅरेजला द्यावी, असा भगिनींचा प्रश्न आहे.

करू द्यावे. मात्र पाइप दूर ठेवावा, आणि मुलगा गाडीखाली शिरण्यापूर्वी गाडी कशावर उभी आहे, हे घरातील दुसऱ्या कोणी स्वतः वाकून पाहावे.

मारुती ८०० ची विक्री १९८३ च्या डिसेंबरात सुरू झाली आणि उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. तेव्हा आज रस्त्यावर दिसणाऱ्या प्रत्येक ८०० चे ऑइल अनेकदा आणि अनेक हातांनी बदलले गेले आहे. इंजिनाच्या तळाशी पत्र्याचे जे तसराळे असते, त्याला आपले मिस्त्री चेंबर म्हणतात. त्यातील ऑइल सोडण्याचा हा एकच बोल्ट. तो अडला की दोष सहसा गंजाला दिला जातो. समुद्रकाठच्या गाड्यांच्या बाबतीत त्यात तथ्य असेल. परंतु बोल्टच्या आट्यांना आतून सदैव ऑइल लागलेले असते, तेथे गंज फारसा धरत नाही. खरे कारण बहुधा मागच्या खेपेच्या हातात असते. बोल्टखाली तांब्याचे किंवा अ‍ॅल्युमिनियमचे एक मऊ वॉशर असते. ते एकदाच नीट दबते आणि दबूनच ऑइल अडवते. काही रुपयांचे हे वॉशर न बदलता जुनेच पुन्हा बसवले की बोल्ट पाझरतो, आणि तो पाझरू नये म्हणून पुढचा मिस्त्री त्याला आणखी आवळतो. असे चार वेळा झाले की आपल्या भगिनींच्या चिरंजीवांसारखा कोणी तरी गाडीखाली घाम गाळत बसतो.

आता पाइपाचा हिशेब पाहू. अशा छोट्या गाड्यांच्या या बोल्टला साडेतीन किलोग्रॅम-मीटरच्या आसपास पीळ पुरेसा असतो. म्हणजे २० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाशी साडेसतरा किलोंचा जोर. एका हाताचे काम. उलट ६० किलो वजनाच्या तरुणाने एक मीटर लांबीच्या पाइपाच्या टोकाशी सारे अंग टाकले, तर तो पीळ ६० किलोग्रॅम-मीटर होतो, आवश्यकतेच्या सतरा पट. त्याच्या कितीतरी आधी बोल्टच्या डोक्याचे कोपरे झिजतात किंवा चेंबरचे आटे जातात. त्यातही दिशा चुकली, तर सारे संपलेच.

दिशेची चूक हास्यास्पद वाटेल, पण ती नेहमीची आहे. बोल्टच्या डोक्याकडे समोरून पाहता तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सुटतो. उताणे पडून, मान वाकडी करून, हात डोक्यामागे नेल्यावर ‘समोरून’ म्हणजे कोठून, याचा अंदाज सुटतो. म्हणून आधीच दुकानातून नवा बोल्ट आणि वॉशर आणून ठेवावे. तो बोल्ट एखाद्या नटात घालून, जुना बोल्ट ज्या दिशेला तोंड करून आहे त्याच दिशेला धरावा आणि सोडून पाहावा. हाताला दिशा कळते. नवा बोल्ट हाताशी असल्यामुळे जुन्याची फिकीरही उरत नाही.

दुसरी गफलत गिअरबॉक्सच्या बोल्टची. तोही जवळच असतो. पत्र्याच्या तसराळ्याला आहे तो इंजिनाचा, ओतीव अ‍ॅल्युमिनियमच्या कवचाला आहे तो गिअरबॉक्सचा. तो सोडून गिअरचे ऑइल काढून टाकायचे आणि वरून भरलेल्या इंजिनात आणखी तीन लिटर ओतायचे, असे प्रकार घडतात.

आता सर्वांत महत्त्वाचे. गाडीसोबत मिळणारा जॅक चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या आधारावर कोणीही, क्षणभरही, गाडीखाली जाऊ नये. आणि अडलेला बोल्ट तर विशेष धोक्याचा, कारण माणूस गाडीखाली असतानाच गाडीला आडवे हिसके बसतात आणि जॅक कलंडायला तेवढे पुरते. सपाट, टणक जमीन हवी. फरशीवर मातीचा थर नको. मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, हँडब्रेक ओढलेला, आणि पुढचा भाग उचलून दोन्ही बाजूंना लोखंडी स्टँड. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक कधीही नकोत. ते तडकताना पूर्वसूचना देत नाहीत. मग बाहेर उभे राहूनच गाडीला हाताने जोरात हलवून पाहावे. ओळखीच्या गॅरेजमधील पिट तासभर वापरायला मिळाला, तर याहून चांगले काही नाही. उभे राहून काम होते आणि हाताला खरा जोर लावता येतो.

इंजिन पाचसात मिनिटे चालवून बंद करावे. ऑइल कोमट हवे, हात भाजेल इतके नको. बोल्टचे डोके तारेच्या ब्रशने चकचकीत करावे, कारण कोपऱ्यातील चिखलामुळे पाना पुरता बसत नाही. फिक्स पाना येथे घातक. तो दोनच बाजू धरतो. आपल्याकडील रिंग पान्यांना आतून बारा कोपरे असतात, तोही झिजलेल्या डोक्यावर घसरतो. सहा कोपऱ्यांचा सॉकेट घ्यावा. मारुतीला साधारणतः १७ मिलिमीटरचा लागतो. पण माप तपासूनच घ्यावे. बोल्टच्या कडेला गंज सोडवणारा फवारा मारून तासभर थांबावे. मग हातोडीने डोक्याच्या मध्यावर चारपाच बेताचे सरळ ठोके द्यावेत. वॉशरची पकड अशा ठोक्यांनी ढिली होते. शेवटी सॉकेट पुरता आत दाबून धरावा आणि दांड्याला तळहाताने आखूड, तीव्र हिसका द्यावा. सावकाश वाढवत नेलेल्या जोरापेक्षा असा हिसका अधिक काम करतो. दांडा आपल्याकडे ओढता येईल अशा स्थितीत ठेवावा. दूर ढकलताना बोल्ट सुटला तर बोटांची सालटे निघतात. गॅसची ज्योत मात्र कोणी कितीही सुचवले तरी नको. वर ऑइल आहे आणि पेट्रोलची नळीही दूर नाही.

डोके गोल झालेच असेल, तर एक माप लहान सहा कोपऱ्यांचा सॉकेट हातोडीने ठोकून बसवावा. तेही न जमल्यास छन्नी डोक्याच्या कडेवर तिरपी धरून सुटण्याच्या दिशेने ठोकत जावे. यात बोल्ट वाया जातो, पण नवा आणलेला आहेच. छन्नीनेही तो हलला नाही, तर तेथे थांबावे आणि गाडी गॅरेजला द्यावी. गॅरेजात ऑइलच्या पट्टीच्या भोकातून नळी घालून जुने ऑइल पंपाने ओढून घेता येते आणि बोल्टचे काम पुढे सवडीने करता येते. आटे गेले असतील, तर मोठ्या मापाचा बोल्ट दाबून बसवण्याचा सल्ला मिळेल. तो तात्पुरता समजावा. चेंबर काढून नवे आटे पाडणे किंवा चेंबरच बदलणे हा खरा उपाय.

नवा बोल्ट बसवताना पहिले पाचसहा फेरे पान्याशिवाय, बोटांनीच द्यावेत. बोटांनी फिरत नसेल तर तो वाकडा शिरत आहे, काढून पुन्हा लावावा. नंतर आखूड दांड्याने एका हाताने आवळावा. ऑइल भरून इंजिन चालवावे आणि बोल्टभोवती कोरडे बोट फिरवून पाहावे.

काढलेले काळे ऑइल गटारात वा परसात टाकू नये. काही घरांत ते लाकडाला वाळवी लागू नये म्हणून फासतात. ते कातडीला अपायकारक आहे, तेव्हा हा प्रघात सोडलेला बरा. काम करतानाही हातमोजे घालावेत. ऑइल झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजमधील जुन्या ऑइलच्या पिंपात द्यावे. तेथून ते पुनर्प्रक्रियेसाठी नेले जाते. गाडी त्या रात्री कागद अंथरून त्यावर उभी करावी. सकाळी कागदावर रुपयाएवढाही डाग नसेल, तर बोल्टला पुढच्या ऑइल बदलापर्यंत हात लावण्याचे कारण नाही.