झोपाळ्यावरचे पदार्थविज्ञान

आमच्या मराठी घरांत पदार्थविज्ञानाविषयी आदर पुष्कळ, परिचय मात्र बेताचाच. शाळा संपली की तो विषय एक तर इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी रात्र रात्र घोकायचा, नाही तर कायमचा सोडून द्यायचा, अशी दोनच दारे आपण ठेवली. त्यामुळे नोकरीतून मोकळे झालेले एखादे गृहस्थ, किंवा मुलगी म्हणून ज्यांना त्या काळी विज्ञानशाखा मिळाली नाही अशा एखाद्या बाई, "हा विषय अगदी पहिल्यापासून शिकावासा वाटतो" असे म्हणाल्या, की घरातलेच कोणी तरी हसते. "आता या वयात कोणती परीक्षा द्यायची आहे?" गाणे शिकायला बसलेल्या प्रौढ माणसाला हा प्रश्न आपण विचारीत नाही. मग इथेच का?

हसणाऱ्यांपेक्षाही अधिक नुकसान उत्साही सल्लागार करतात. ते नवशिक्याच्या हाती सापेक्षतावादावरचे पुस्तक देतात, कृष्णविवरांवरची व्याख्याने ऐकवतात. पंधरा दिवसांत दहा मोठे शब्द येतात आणि एकही गोष्ट मोजता येत नाही. रिचर्ड फाइनमन यांची व्याख्याने तर हमखास सुचवली जातात. ती थोर आहेत आणि आज इंटरनेटवर फुकट वाचता येतात, हेही खरे. पण १९६१ ते १९६३ या काळात ती कॅलिफोर्नियातल्या एका नामांकित संस्थेत, गणित पक्के असलेल्या विद्यार्थ्यांपुढे दिलेली होती. नवशिक्याने ती दोन वर्षांनी उघडावीत.

सुरुवात करावी ती मोजण्यापासून, आणि त्यासाठी बडोदेकरांना घराबाहेर जाण्याचे कारण नाही. जुन्या वाड्यांतून, आणि आता फ्लॅटांतूनही, आपण गुजराती शेजाऱ्यांप्रमाणे झोपाळा बांधतो. आढ्यापासून फळीपर्यंत अडीच मीटर असतील, तर जाऊन येण्याचा एक झोका तीन सेकंदांच्या आसपास होतो. आता त्यावर एकदा आजोबांना बसवा, एकदा नातीला. पाय उचललेले असावेत, झोका लहान असावा आणि मध्ये कोणी ढकलू नये. वजनात दुपटीचा फरक असूनही वेळ जवळजवळ तीच येते! जो थोडा फरक पडेल तो वजनापेक्षा बसण्याच्या ढबीचा. ज्याला हे पाहून नवल वाटले त्याचे पदार्थविज्ञान सुरू झाले असे मी समजतो.

पण झोपाळ्याची लांबी हवी तशी बदलता येत नाही. म्हणून पुढे दोरा आणि दगड घ्यावा. आपण त्याला लंबक म्हणतो, शेजारी लोलक म्हणतात. खुंटीपासून दगडाच्या मध्यापर्यंत बरोबर एक मीटर ठेवून वीस झोके मोजले, तर सुमारे ४० सेकंद लागतात. दोरा २५ सेंटिमीटर केला की सुमारे २०. लांबी चौथाई, वेळ निम्मी. वर्गमूळ म्हणजे काय आणि ते शिकायचे कशासाठी, हे शाळेत जे कोणी सांगितले नाही ते इथे दोरा सांगतो. आणखी एक पाऊल : मीटरमधल्या लांबीला ३९.५ ने गुणून एका झोक्याच्या वेळेच्या वर्गाने भागले की गुरुत्वाचा त्वरण मिळतो. एक मीटरला दोन सेकंद आले, तर उत्तर जवळजवळ ९.९ येते, पुस्तकात ९.८ असते. घरातल्या खुंटीवर, दीड रुपयाच्या दोऱ्याने!

वीसच झोके का? घड्याळ दाबताना अर्धा सेकंद चुकणारच. एकच झोका मोजला, तर ती चूक दोन सेकंदांत पाव भाग होते. वीस मोजले, तर चाळिसांत विरून जाते. तरीही उत्तर ०.२ हून अधिक हलू शकते, म्हणून ९.९ आणि ९.८ यांतला फरक पाहून खट्टू होऊ नये. आपली चूक केवढी असू शकते हे ठाऊक असणे ही या शास्त्राची पहिली शिस्त, आणि नेमकी तीच शिकवणीवर्गांत कोणी शिकवीत नाही. गॅलिलिओपाशी सेकंद दाखवणारे घड्याळही नव्हते. उतारावरून घरंगळणाऱ्या गोळ्याचा वेळ त्याने भांड्यातून गळलेले पाणी तोलून मोजला. लग्नमंडपात घटिकापात्र पाहिलेल्यांना ही युक्ती परकी वाटू नये.

आता भाषेचा प्रश्न. नातू इंग्रजी माध्यमात, बाजार गुजरातीत, घर मराठीत. तेव्हा शास्त्र कोणत्या भाषेत शिकायचे? ज्या भाषेत आपण मनाशी वाद घालतो त्या भाषेत, असे माझे मत आहे. त्रिभुवनदास गज्जरांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० साली याच शहरात कलाभवन उभे केले, तेव्हा तंत्रशिक्षणही देशी भाषेतून द्यावे असा त्यांचा आग्रह होता. तो आग्रह आपण पुढे फार सहज सोडून दिला. घरातल्या बाईला 'त्वरण' म्हणजे वेग किती झपाट्याने बदलतो ते, एवढे मराठीत कळले की 'अॅक्सिलरेशन' हा शब्द एका दिवसात पाठ होतो; उलट मात्र होत नाही.

पुस्तकांची अडचण नाही. बालभारतीची नववी-दहावीची विज्ञानाची पुस्तके मराठीत विनामूल्य उतरवून घेता येतात; शब्द अडला तर मराठी विश्वकोश इंटरनेटवर आहेच. मात्र प्रत्येक धड्याखालची उदाहरणे कागदावर सोडवली पाहिजेत. नुसते वाचणे म्हणजे पोहण्याचे पुस्तक वाचण्यासारखे आहे. बीजगणित विसरलेले असेल, तर ते आधी वेगळे शिकत बसू नये. दोऱ्याच्या हिशेबात जेवढे लागेल तेवढे त्या त्या वेळी काढावे. रोज अर्धा तास पुरे, आणि जमल्यास जोडीला कोणी असावे : एकाने झोके मोजावेत, दुसऱ्याने घड्याळ पाहावे. नववीतल्या नातवाइतका सोयीचा जोडीदार दुसरा नाही. इंग्रजी शब्द त्याने सांगावेत, मराठी आजीने. आणि रात्री नऊनंतर त्याचे पुस्तक मोकळेच असते.