‘किळिमीन’ म्हणजे नेमका कोणता मासा?

केरळात ‘किळिमीन’, तमिळनाडूत ‘शंकरा’, कोकणात ‘राणी’. गुलाबी अंगावर पिवळ्या रेघा असलेला हा मासा तळ खरवडणाऱ्या ट्रॉल जाळ्यांत भारताच्या दोन्ही किनाऱ्यांवर सर्रास सापडतो. एवढ्या परिचित माशाच्या एका जातीचे शास्त्रीय नाव मात्र आपल्याकडे दीर्घकाळ चुकीचे छापले गेले. ‘नेमिप्टेरस जॅपोनिकस’च्या जोडीला भारतीय निबंधांत ‘नेमिप्टेरस मेसोप्रियॉन’ नोंदला जाई. खरा मेसोप्रियॉन थायलंडच्या आखाताचा आणि इंडोनेशियाचा. आपला तो ‘नेमिप्टेरस रँडॅली’. बॅरी रसेल यांनी त्याचे वर्णन 1986 सालीच प्रसिद्ध केले होते. तरीही जुने नाव पुढे कित्येक वर्षे चालूच राहिले.

याला लॅटिन नावांची किरकोळ कुरबुर समजणाऱ्यांनी अधिवासाकडे पाहावे. जॅपोनिकस सुमारे 5 ते 80 मीटर खोलीवर, वाळूच्या वा चिखलाच्या तळाशी थव्याने राहतो. रँडॅली आकाराने लहान आणि दोनशे मीटरांपलीकडेही आढळणारा. आता बोटी खोल पाण्याकडे वळल्या, तर पकडीत लहान जातीचे प्रमाण वाढेल आणि ‘किळिमीन’ची सरासरी लांबी घटेल. ही अतिमासेमारीची खूण म्हणायची, की केवळ जात बदलल्याची? उलट, एका जातीचा ऱ्हास दुसरीच्या वाढीखाली निमूट झाकलाही जाईल. दोन वेगळ्या वितरणांची एकच सरासरी काढणाऱ्या विद्यार्थ्याला भौतिकीच्या प्रयोगशाळेत कोणी उत्तीर्ण करणार नाही. केरळात किळिमीनसाठी 12 सेंटिमीटर ही किमान कायदेशीर लांबी आहे आणि तिच्या आधारे बोटींवर कारवाईही होते. म्हणजे प्रश्न थेट मच्छीमाराच्या पोटाचा आहे.

‘डीएनए बारकोड आहेच की’ हे उत्तर आता फार स्वस्त झाले आहे. बारकोड नमुन्याची तुलना संग्रहातील क्रमाशी करतो. त्या क्रमाला नाव मात्र कोणीतरी मासा हातात घेऊन, पर आणि खवले तपासूनच दिलेले असते. ते नाव चुकले असेल, तर यंत्र तीच चूक दशांशचिन्हापुढे चार स्थळांपर्यंत अचूकपणे गिरवते. छायाचित्रांवरून मासे ओळखणाऱ्या ॲपचीही तीच गत. तरी मथळे यंत्राला मिळतात आणि वर्गीकरणतज्ज्ञ जुनाट कारकून ठरतो.

बंदरावरील नोंदी जातीनिहाय हव्यात आणि प्रत्येक निबंधामागचा नमुना संग्रहालयात जपलेला हवा. ज्या जुन्या आकड्यांमागे एकही बरणी उरलेली नाही, ते आता कोणत्या जातीच्या खात्यावर मांडणार?