‘वैमानिकाची चूक’ : इतिहासाच्या विद्यार्थ्याने या उत्तरावर का थांबू नये

१/ पानिपतचा पराभव ‘विश्वासरावांना गोळी लागली’ एवढ्या एका वाक्यात कोणी सांगितला, तर आपण त्याला लगेच अडवतो. तुटलेली रसद, उपासमार, सोबतचे यात्रेकरू, उत्तरेतले एकाकीपण, हे सारे कुठे गेले, असे विचारतो. मग विमान अपघात म्हटला की ‘वैमानिकाची चूक’ या दोन शब्दांवर आपले समाधान कसे होते?

२/ २१ जून २०१९. हवाई बेटांतील डिलिंगहॅम धावपट्टी. स्कायडायव्हिंगसाठी निघालेले ‘किंग एअर’ जातीचे छोटे विमान उड्डाण करताच कोसळले. आतील सर्व ११ जण मृत्युमुखी पडले. पॅराशूट विमानातच होते; ते उघडण्याइतकी उंचीच मिळाली नाही.

३/ अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने मुख्य कारण दिले ते वैमानिकाने उड्डाणावेळी केलेल्या आक्रमक हालचालीचे. मात्र अहवाल तिथे संपत नाही. विमानाचा डावा पंख पिळलेला होता आणि देखभालीत तो दोष दूर झाला नव्हता, हेही त्यात नोंदले आहे.

४/ आता मागे जाऊ. जुलै २०१६, कॅलिफोर्नियातील बायरन. हेच विमान हवेत गिरक्या खाऊ लागले, शेपटीचा एक भाग तुटून पडला. १४ स्कायडायव्हरांनी उड्या घेतल्या; वैमानिकाने विमान एकट्याने उतरवले. पुढे दुरुस्ती झाली आणि ते पुन्हा प्रवासी घेऊन उडू लागले.

५/ आणखी मागे. २००८ मध्ये याच मंडळाने अशा उड्डाणांवर स्वतंत्र अहवाल काढला होता. १९८० पासूनचे ३२ अपघात, १७२ मृत्यू. देखभाल, वैमानिकांचे प्रशिक्षण आणि सरकारी देखरेख या तिन्हींतील उणिवा त्यात दाखवल्या होत्या. डिलिंगहॅमच्या अहवालातही अपुऱ्या देखरेखीचा उल्लेख पुन्हा करावा लागला.

६/ हे दूरदेशीचे वाटत असेल, तर ठाण्याहून लोकलने घाटकोपरपर्यंत या. २८ जून २०१८ रोजी तिथे चाचणी उड्डाणावरील ‘किंग एअर’ जातीचेच विमान बांधकाम चालू असलेल्या इमारतीजवळ कोसळले. विमानातील चौघे आणि रस्त्यावरचा एक पादचारी दगावला. पूर्वी उत्तर प्रदेश सरकारच्या मालकीचे असलेले हे विमानही आधी एकदा अपघातग्रस्त होऊन विकले गेले होते.

७/ दोन्ही अपघातांचे कारण एकच, असा माझा दावा नाही. वैमानिकाची जबाबदारी नाकारण्याचाही हेतू नाही. पण चूक क्षणाची असते. ती प्राणघातक ठरावी अशी परिस्थिती घडायला वर्षे लागतात. त्या वर्षांचा हिशोब मांडणे हेच इतिहासाचे काम.

८/ म्हणून पुढच्या वेळी बातमीत ‘वैमानिकाची चूक’ वाचाल, तेव्हा चौकशी अहवाल निघेपर्यंत थांबा आणि निघाल्यावर बखरीसारखाच तपासून वाचा. मृत वैमानिक उत्तर द्यायला येत नाही. त्या पादचाऱ्याला तर कोणी प्रश्नही विचारला नव्हता.